चौल बंदराचा उदयास्त

पुण्यांत राहणाऱ्या मनुष्यास समुद्राचें फारसें अगत्य नसतें. नदी म्हणजे मुळामुठा, डोंगर म्हणजे पर्वती, आणि समुद्र म्हणजे मुलांस सुटी लागली म्हणजे चार दिवस अलिबागेस अगर मुरुडास जाऊन पाहण्याची वस्तु, अशी आमच्या शहराची ठराविक समजूत आहे. इतिहासांतही आम्ही पुणेकर घाटमाथ्यावर उभे राहून उत्तरेस दिल्लीकडे व दक्षिणेस श्रीरंगपट्टणाकडे पाहतों. पश्चिमेकडे मान क्वचितच वळवितों. परंतु ज्या घाटवाटांच्या तोंडाशीं हा आपला जिल्हा वसला आहे, त्या वाटा कांहीं केवळ यात्रेकरूंच्या पायांनीं झिजलेल्या नाहींत. नाणेघाट व बोरघाट हे बैलांच्या पाठीवरून माल बंदरीं उतरविण्यासाठीं चालते झाले, आणि त्यांच्या खालच्या टोकास जीं बंदरें होतीं, त्यांत एके काळीं नाना देशींचे, नाना धर्मांचे आणि नाना भाषा बोलणारे लोक घरें बांधून नांदत होते.

भूमध्यसमुद्राच्या कांठच्या अलेक्झांड्रिया, स्मर्ना, सलोनिका या बंदरांविषयीं सांप्रत पुष्कळ लिहिलें जातें. तेथें ग्रीक, यहुदी, तुर्क, आर्मेनियन, इटालियन व अरब हे शेजारीं शेजारीं दुकानें थाटून होते, बाजारांतल्या पोरासही चार भाषा येत, आणि एका पिढीच्या आंत तें सर्व वैभव लयास गेलें, असा त्या लेखनाचा सूर असतो. तें वाचून हळहळणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, हळहळण्यासाठीं इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. पुण्याहून एका दिवसाच्या वाटेवर चौल आहे.

चौल हें रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यांत, कुंडलिका नदी समुद्रास मिळते त्या खाडीच्या उत्तर तीरावर आहे. खाडीच्या मुखाशीं रेवदंडा, त्याच्या आंतल्या अंगास मूळचें चौल, आणि समोरच्या तीरावर समुद्रांत घुसलेला कोर्लईचा डोंगर, अशी रचना आहे. स्थानिक लोक चौलास चंपावती व रेवदंड्यास रेवती अशीं पौराणिक नांवें देतात. येथें तीनशें साठ देवळें व तीनशें साठ तळीं होतीं अशीही आख्यायिका आहे. वर्षाच्या दिवसांइतकीं देवळें सांगण्याची आपल्या लोकांस मोठी हौस. तेव्हां आंकडा सोडून द्यावा, पण त्यामागची समृद्धीची आठवण सोडूं नये.

गांवाचें नांव हाच त्याच्या इतिहासाचा पहिला पुरावा होय. कान्हेरीच्या लेण्यांतील दात्यांच्या लेखांत चेमुल हें नांव येतें, तें याच गांवाचें असें पुष्कळ विद्वान् मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अनामिक ग्रीक नाविकानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, तींत कल्याणच्या पुढचें बंदर म्हणून सेमिल्ला येतें. दुसऱ्या शतकांतला टॉलेमी त्यास सिमुल्ल म्हणतो, आणि तेथें बरींच वर्षें ये-जा केलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, तेथील रहिवासी त्याचा उच्चार तिमुल असा करितात, असेंही नमूद करितो. अलेक्झांड्रियेंत बसलेल्या ज्योतिष्यास चौलच्या उच्चाराची चौकशी करावीशी वाटली, ही गोष्ट लहान नव्हे! अरबांच्या भाषेंत च हा वर्ण नाहीं, म्हणून त्यांनीं सैमूर केलें. शिलाहारांच्या ताम्रपटांत चेमुली येतें. आणि ग्राम शब्दाचें गांव व नाम शब्दाचें नांव ज्या नियमानें झालें, त्याच नियमानें चेमुलचें चेंवुल, चेऊल व शेवटीं चौल झालें. दोन हजार वर्षें एकच नांव इतक्या निरनिराळ्या जिभांवरून फिरत राहिलें, असें महाराष्ट्रांत दुसरें गांव दाखविणें कठीण आहे.

त्या ग्रीक नाविकाच्या काळीं मिसर देशांतून निघालेलीं गलबतें पावसाळी वाऱ्याच्या जोरावर सरळ समुद्र कापून आपल्या किनाऱ्यास लागत. येणाऱ्या मालांत मद्य, कांचेचीं भांडीं, पोंवळें, तांबें व रोख नाणें असे; जाणाऱ्या मालांत सुती कापड, अकीक, हस्तिदंत व मिरें. हा व्यापार किनाऱ्यावरच थांबत नसे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सन १९४५ च्या सुमारास जें उत्खनन झालें, त्यांत ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. पंचगंगेच्या कांठीं हा यवनांचा वरुण कसा आला, याचें उत्तर घाटवाटांत आहे. आणि कार्ल्याचें चैत्यगृह तर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तेथील स्तंभांवर ज्या दात्यांचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकट गांवचे कित्येक यवन आहेत. सिहधय नांवाच्या यवनानें एक स्तंभ दिला आहे, आणि दुसरा एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नांवाच्या भाणकानें दिला आहे. एकवीरेच्या दर्शनास जाणारे लोक या स्तंभांस पाठ टेंकून विसांवा घेतात. वर काय लिहिलें आहे तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पाणिनीनें यवन शब्दाचें स्त्रीलिंगी रूप साधण्यास सूत्रांत जागा दिली, आणि कात्यायनानें तें यवनांच्या लिपीस लागतें असें सांगितलें. म्हणजे या परक्यांच्या अक्षरांची ओळख व्याकरणकारांनाही होती.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं चौल येथें उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आणिले आहेत, त्यामुळें ग्रंथांतला हा पुरावा आतां मातींतल्या पुराव्याशीं जुळला आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तोच ग्रीक नाविक कल्याणविषयीं लिहितांना सांगतो कीं, पूर्वीच्या राजाच्या अमदानींत हें कायदेशीर बंदर होतें. पण तें सन्दनाच्या हातीं गेल्यापासून तेथें मोठा अडथळा होऊं लागला, आणि चुकून ग्रीक गलबत तेथें लागलें तर पहाऱ्यांत भडोचास नेलें जाण्याचा संभव असतो. खाडींत पाणी तेंच, घाट तोच, कापूस तोच. फक्त वरचा अंमलदार बदलला आणि बंदर बसलें. बंदरांच्या ऱ्हासाची ही आपल्याकडील बहुधा सर्वांत जुनी हकीकत होय, आणि तींत गाळाचा उल्लेख नाहीं.

गाळाचें नांव आम्ही मुद्दाम घेतलें. कोंकणांतील कोणत्याही मृत बंदराविषयीं विचारा, खाडी गाळानें भरली, हें उत्तर तयार असतें. सोपाऱ्याच्या बाबतींत तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. परंतु गाळ एका रात्रींत सांचत नाहीं, आणि ज्या गांवीं व्यापार भरभराटीस आहे तेथील लोक खाडीचें तोंड मोकळें राखण्याची तजवीज करितात अथवा धक्का थोडा पुढें नेतात. बंदराचें खरें भांडवल पाण्याहून निराळें आहे. आपल्या जुन्या दप्तरांत त्यास एक उत्तम शब्द आहे, तो म्हणजे कौल. परमुलखांतील उदम्यास, तूं ये, वसाहत कर, तुझ्या मालास, घरास व धर्मास उपद्रव लागणार नाहीं, असें जें राजाकडून लिहून दिलें जातें तें कौलपत्र. हें कौलपत्र जेथें पाळलें गेलें तेथें बंदर वाढलें, आणि जेथें मोडलें गेलें तेथून माणसें उठून गेलीं.

चौलचा सर्वांत वैभवाचा काळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. अल् मसूदी नांवाचा बगदादचा विद्वान् प्रवासी सन ९१६ च्या सुमारास सैमूरास आला. तेव्हां कोंकणावर शिलाहार झंझ राज्य करीत होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सार्वभौम सत्ता होती. मसूदी म्हणतो कीं, या एका गांवांत सुमारें दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आहेत, आणि त्यांचीं येथेंच जन्मलेलीं मुलेंही आहेत, ज्यांस बयासिर म्हणतात. या लोकांचे तंटे त्यांच्याच कायद्यानें तोडण्यासाठीं त्यांच्यांतलाच एक प्रमुख गृहस्थ हिंदु राजानें नेमलेला असे, व त्यास हुनरमान म्हणत. दहा हजार हा आंकडा थोडा सैल धरला तरी, परकी लोकांचा एवढा जमाव आपापल्या न्यायानें, राजाच्या संमतीनें, एका बंदरीं नांदत होता यांत संशय नाहीं.

याहून नवलाची गोष्ट ठाण्याच्या उत्तरेस घडली. डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें कांहीं ताम्रपट सांपडले, त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे सन ९२६ चा आहे. त्यावरून असें दिसतें कीं, राष्ट्रकूट सम्राटानें संजाणच्या मंडलावर नेमलेला अधिकारी ताजिक म्हणजे अरब होता. त्याचें नांव मुहम्मद. पण ताम्रपटाच्या रचनाकारानें त्याचें मधुमति असें गोजिरें संस्कृत रूप केलें आहे. या मधुमतीच्या अनुज्ञेनें तेथील मठास व देवीच्या पूजेस जमीन दिली गेली. मुसलमान अधिकारी, राष्ट्रकूट सम्राट, ब्राह्मणांचा मठ आणि संस्कृत भाषा या चार गोष्टी एका पत्र्यावर बसल्या आहेत! हा ताम्रपट प्रत्येक शाळेंत लावून घ्यावा असें आम्हांस वाटतें. पण पाठ्यपुस्तकें करणारांस असल्या पत्र्यांपेक्षां लढायांच्या सनावळ्या अधिक प्रिय असतात.

शिलाहार अनंतदेवाचा शके १०१६ चा, म्हणजे सन १०९४ चा खारेपाटणास सांपडलेला ताम्रपट तर केवळ जकातीविषयीं आहे. भाभण श्रेष्ठी व धणाम श्रेष्ठी या दोघां बंधूंच्या मालास स्थानक, नागपुर, शूर्पारक, चेमुली इत्यादि बंदरीं जकात माफ असावी, असा त्याचा आशय आहे. हे नागपुर म्हणजे विदर्भांतलें नव्हे, किनाऱ्यावरचें. ज्या राजाला जकात माफ करण्याची अक्कल होती, त्याच्या राज्यांत गलबतें येत होतीं यांत आश्चर्य कसलें?

पुढें बहामनी अमदानींत, सन १४७० च्या सुमारास, रशियांतील त्वेर गांवचा अफानासी निकितिन हा व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलास उतरला. गोरा मनुष्य म्हणून लोक आपल्याभोंवतीं जमतात याचें त्यास मोठें कौतुक वाटलें. तेथून तो पालीवरून घाट चढून आपल्या जुन्नरास आला, व पावसाळाभर तेथें राहिला. जुन्नरच्या असदखानास हा ख्रिस्ती आहे असें कळतांच त्यानें घोडा काढून घेतला, आणि मुसलमान होशील तर घोडा व वर हजार मोहरा देतों, नाहीं तर दंड घेतों, असें बजाविलें. महंमद नांवाचा एक खोरासानी गृहस्थ ऐन वेळीं मध्यें पडला म्हणून निकितिन सुटला. आम्हांस या हकीकतींत एक फरक जाणवतो. चौलास त्याला धर्म विचारल्याचा उल्लेख नाहीं. घाट चढून राजकारणाच्या मुलखांत आल्यावर तो विचारला गेला. या गृहस्थानें आपल्या प्रवासवृत्तांतांत रशियन भाषेच्या मध्येंच तुर्की, फारशी व अरबी यांच्या मिश्रणानें बनलेली बाजारी भाषा वापरली आहे. प्रार्थनेचे शब्दसुद्धां तिच्यांत आहेत. तो परत गेला दाभोळहून, पण घरीं पोंचण्यापूर्वींच वाटेंत मरण पावला. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे.

भूमध्यसमुद्राचें व चौलचें भाग्य किती जवळून बांधलेलें होतें, तें सन १५०८ च्या मार्चांत दिसून आलें. केप ऑफ गुड होपला वळसा घालून पोर्तुगीज आल्यामुळें अलेक्झांड्रियाच्या मार्गानें व्हेनिसला जाणारें मिरें आटूं लागलें होतें. म्हणून मिसरच्या सुलतानानें भूमध्यसमुद्रापलीकडून लांकूड आणवून सुवेझ येथें आरमार बांधविलें व अमीर हुसेन यास हिंदुस्थानाकडे धाडिलें. दीवचा मलिक अयाझ त्यास मिळाला, आणि दोघांनीं पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा लोरेंसो यास चौलच्या खाडींत गांठून ठार केलें. बापानें त्याच सालच्या अखेरीस दाभोळ जाळून बेचिराख केलें, आणि १५०९ च्या फेब्रुवारींत दीवसमोर मिसरच्या आरमाराचा चुराडा केला. म्हणजे अलेक्झांड्रियेच्या मिऱ्यांचा निकाल आपल्या कुंडलिकेच्या मुखाशीं लागावयास सुरुवात झाली असें म्हटलें तरी चालेल.

त्यानंतर चौल एकाचीं दोन झालीं. अहमदनगरच्या निजामशाहीस अरबी घोडे हवे होते आणि घोड्यांच्या वाटेवर पोर्तुगीज बसलेले. तेव्हां घोडे आणूं द्याल तर किल्ला बांधूं देतों, असा सौदा होऊन १५२१ पासून रेवदंड्यास पोर्तुगीज किल्ला उभा राहिला. वरचें चौल निजामशाहींत, खालचें पोर्तुगिजांच्या हातीं. वरच्या चौलांत कोष्ट्यांचे माग खडखडत, खालच्या चौलांत गलबतें भरत. परकी प्रवाशांनीं येथील रेशीम व लाखेचें रंगकाम यांची वाखाणणी केली आहे. मधून मधून दोन्ही चौलांचें बिनसे. सन १५७०-७१ मध्यें मुर्तझा निजामशहानें रेवदंड्यास मोठा वेढा घातला, तो फुकट गेला, आणि १५९४ मध्यें पोर्तुगिजांनीं कोर्लईही जिंकली. परंतु भांडून पुन्हां व्यवहार सुरू होई, कारण एकाचें दुसऱ्यावांचून चालण्यासारखें नव्हतें.

पोर्तुगिजांचा कौल मात्र अपुरा होता. समुद्र हा आपल्या मालकीचा, आणि त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गलबतानें आपला परवाना घ्यावा, हा त्यांचा दंडक. सन १५६० मध्यें त्यांनीं गोव्यास धर्मन्यायालय स्थापिलें, तें १८१२ पर्यंत चाललें. ज्या राज्यांत उदम्याच्या पेटींत कोणती पोथी आहे याची चौकशी होते, तेथें उदमी मुकाट्यानें येतो, पण मुलेंबाळें घेऊन राहत नाहीं.

मग एकामागून एक धक्के बसले. १६२२ मध्यें होर्मुझ पोर्तुगिजांच्या हातून गेलें आणि घोड्यांचा व्यापार तुटला. १६३६ मध्यें निजामशाही बुडाली. म्हणजे ज्या राजधानीसाठीं चौल जगत होतें ती राजधानीच उरली नाहीं. युरोपांत त्रिएस्तचें असेंच झालें. ऑस्ट्रियाच्या सम्राटानें १७१९ मध्यें तें जकातमुक्त बंदर केलें, तें फोंफावलें. १९१८ मध्यें साम्राज्य मोडलें, बंदर इटलीकडे गेलें, आणि धक्क्यावर उतरलेला माल न्यावयाचा कोणासाठीं, हा प्रश्न उत्पन्न झाला. चौलपुढें हा प्रश्न तीनशें वर्षें आधीं उभा होता.

आणि तेवढ्यांत उत्तरेस मुंबई उठली. १६६१ च्या विवाहाच्या तहानें ती इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्यें सालीना दहा पौंडांवर कंपनीस मिळाली. तिचें बंदर चौलहून खोल होतें हें खरें. पण जेरल्ड ऑंजियर या गव्हर्नरानें ओळखलें तें दुसरेंच. १६७७ मध्यें दीवच्या निमा पारेख नांवाच्या वाण्याशीं जो करार झाला, त्यांत त्याच्या धर्मास, घरास व व्यापारास उपद्रव होणार नाहीं, असें लिहून देण्यांत आलें. दीव पोर्तुगिजांचें, तेथला वाणी इंग्रजांकडे कौल मागतो, याचा अर्थ उघड आहे. इटलींतील लिव्होर्नो येथें टस्कनीच्या ड्यूकनें १५९३ मध्यें असाच कौल काढून यहुदी, तुर्क, आर्मेनियन सर्वांस बोलाविलें होतें व एका मासेमारीच्या गांवाचें मोठें बंदर झालें होतें. मुंबईचें तेंच झालें. चौलचे कोष्टी उठून मुंबईस आले. भुलेश्वराजवळची चेऊलवाडी त्यांची आठवण राखून आहे.

आतां पुण्याकडे वळणें प्राप्त आहे. १७३९ च्या मेमध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, आणि पुढल्या वर्षीं तहानें रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. वसईचा विजय शिकवितांना आमचा ऊर भरून येत असे, आणि भीमाशंकरास गेल्यावर तेथें टांगलेली वसईच्या देवळांतली घंटा आम्ही विद्यार्थ्यांस आवर्जून दाखवीत असूं. एके वर्षीं एका चौकस मुलानें विचारिलें, "गुरुजी, मग वसईला आपलीं गलबतें किती येऊं लागलीं?" त्या मुलाचा प्रश्न आम्हांस अजून योग्य वाटतो. शौर्यांत मराठे कोणास हार गेले नाहींत. पण घेतलेल्या बंदरांत नवा कौल देऊन परदेशीं उदमी वसविण्याचें काम पुण्याच्या दरबारानें मनावर घेतलें नाहीं. उलट १७५६ मध्यें नानासाहेब पेशव्यांनीं तुळाजी आंग्र्यांवरील रागानें इंग्रजांशीं हातमिळवणी केली, आणि विजयदुर्गच्या खाडींत मराठी आरमार जळून गेलें. आंग्र्यांचें वर्तन कसेंही असो, तें आरमार आपलें होतें.

यास आमच्या शास्त्रांनींही हातभार लावला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. बौधायनानें समुद्रप्रवास पातित्य आणणाऱ्या कर्मांत घातला; पण त्यानेंच तो उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून सांगितला आहे, म्हणजे लोक जात होतेच. मनूनें तर समुद्रयानांत कुशल असलेल्यांनीं व्याजाचा दर ठरवावा असें म्हटलें आहे. शूर्पारकाचा पूर्ण नांवाचा सार्थवाह बौद्ध कथांतून वारंवार समुद्र ओलांडतो. पुढें कलिवर्ज्य प्रकरणांत मात्र समुद्रावरून आलेल्या द्विजास प्रायश्चित्तानंतरही पंक्तींत घेऊं नये, येथपर्यंत मजल गेली. राघोबादादांनीं १७८१ मध्यें हणमंतराव नांवाच्या ब्राह्मणास विलायतेस धाडिलें, तेव्हां एडमंड बर्क यानें आपल्या बागेंतील कांचघर त्यांच्या स्वयंपाकास मोकळें करून दिलें; परत आल्यावर त्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. परक्यानें पंक्तीची सोय केली आणि घरच्यांनीं पंक्ति अडविली.

बंदर गेलें तरी माणसें लगेच जात नाहींत. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून कांहीं यहुदी कुटुंबें वांचलीं व तींच बेने इस्रायलांचे पूर्वज, अशी त्यांची परंपरा आहे. त्यांनीं तेलाचा घाणा धरिला; शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून कोंकणी शेजाऱ्यांनीं त्यांस शनिवार तेली म्हटलें. सलोनिकाची गोदी यहुदी हमालांमुळें शनिवारीं बंद असे, ही गोष्ट युरोपीय ग्रंथकार मोठ्या नवलानें लिहितात. आमच्या अष्टागरांत शनिवारच्या विश्रांतीचा बोभाटा कोणी केला नाहीं. त्यांचीं आडनांवें रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, भाषा मराठी, आणि १८८० पासून ते आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठींत कीर्तनें करीत आले. अलिबागेस इस्रायल आळी आहे, आणि आपल्या रास्ता पेठेंत त्यांचें प्रार्थनामंदिर आहे. कॅम्पांतलें लाल देऊळ मात्र बगदादी यहुद्यांचें. तें डेव्हिड ससून यानें आरंभिलें व १८६७ मध्यें पुरें झालें. बेने इस्रायलांपैकीं बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्रायल देशास निघून गेलीं. त्यांस येथून कोणी हांकलून दिलें नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे.

समाधान अशासाठीं कीं, भूमध्यसमुद्राच्या कांठीं तसें घडलें नाहीं. १९२२ च्या सप्टेंबरांत स्मर्ना जळालें, आणि पुढल्या वर्षींच्या तहानें ग्रीसचे मुसलमान तुर्कस्थानास व तुर्कस्थानचे ग्रीक ग्रीसला, अशी माणसांची अदलाबदल ठरली. जणूं कांहीं धान्याचीं पोतीं! सलोनिकाचें शहर १९१७ मध्यें आगींत सांपडलें, आणि १९४३ मध्यें तेथील हजारों यहुद्यांस आगगाडींत कोंडून जर्मनांनीं मृत्यूच्या छावणीस नेलें. अलेक्झांड्रियेचे ग्रीक, इटालियन व यहुदी १९५६ च्या सुवेझच्या लढाईनंतर पांगले. या तिन्ही बंदरांत पाणी खोलच राहिलें.

मुंबईच्या धक्क्यावरचें बरेंचसें काम आतां खाडीपलीकडे न्हावाशेव्यास गेलें आहे. तें बंदर १९८९ मध्यें सुरू झालें. तेथें लोखंडी पेट्या यारीनें उतरतात, खलाशी फार तर एखादा दिवस थांबतात आणि जहाज सुटतें. माल पूर्वींपेक्षां किती तरी पटींनीं अधिक येतो, पण त्याच्याबरोबर मनुष्य येत नाहीं, त्यामुळें हुनरमानाची जरुरी नाहीं आणि बयासिरही नाहींत.

कोर्लईच्या पायथ्याशीं मात्र एक चमत्कार शिल्लक आहे. १७४० मध्यें पोर्तुगीज निघून गेले, पण त्यांच्या शिपायांच्या व स्थानिक स्त्रियांच्या वंशजांची वस्ती राहिली. ते ख्रिस्ती आहेत, मासेमारी व शेती करितात, आणि आपसांत जी बोली बोलतात तिच्यांतले शब्द पोर्तुगीज असून वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठी आहे. क्रियापद मराठीसारखें शेवटीं येतें. ते तिला नो लिंग, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आंतबाहेर असतील. भाषाशास्त्रज्ञांनीं तिचें व्याकरण लिहून ठेविलें आहे. मुलें मात्र शाळेंत मराठी शिकतात व मुंबईस नोकरीस जातात, तेव्हां घरांतली बोली पुढच्या पिढीस किती येईल याची त्या गांवच्या वडीलधाऱ्यांस काळजी आहे.

ज्यांस हें सर्व डोळ्यांनीं पहावयाचें असेल, त्यांनीं थंडीच्या दिवसांत जावें. पुण्याहून खोपोली, पेण व अलिबाग या वाटेनें चौलास जातां येतें. रामेश्वराचें देऊळ व दत्ताची टेंकडी हीं सर्वांस ठाऊक आहेत. पण वरच्या चौलांत झाडींत दडलेला जुना हमामखाना विचारून शोधावा लागतो, आणि रेवदंड्याच्या तटाच्या आंत नारळीपोफळींच्या वाड्यांमधून सातखणी मनोऱ्याकडे जाण्याची वाट वाडीवाल्यास विचारल्याशिवाय धरूं नये. कोर्लईस पूल ओलांडून जावें, आणि किल्ला चढावयाचा तर ऊन होण्यापूर्वीं चढावा. वर पाण्याची सोय नाहीं.